पडद्यामागे नऊ पडले होते

मी पडदा बोलतोय. खिडकीचा नव्हे, आणि नाटकाचा तर नव्हेच. मी टेबलावर उभा राहणारा पुठ्ठ्याचा पडदा आहे. तीन पानांचा, दोन घड्यांचा, आणि सध्या अर्धाच. अर्धा कसा झालो तेच सांगायचंय. पण आधीच बजावून ठेवतो, गोड बोलायच्या मनःस्थितीत मी नाही. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू फार नम्र असतात, मालकाचे उपकार मानतात, झिजण्यात धन्यता मानतात. मला ते जमणार नाही. माझं डोकं फिरलेलं आहे.

माझं काम काय ते आधी समजून घ्या. दर रविवारी दुपारी चार-पाच माणसं टेबलाभोवती बसून एक गोष्ट खेळतात. पट नाही, सोंगट्या नाहीत. एक जण सूत्रधार असतो. तो सांगतो, समोर नदी आहे, पलीकडे किल्ला आहे. बाकीचे एकेक पात्र होऊन बसलेले असतात, आणि ज्याच्या त्याच्या पुढ्यात त्या पात्राचा कागद असतो. कोणी म्हणतं मी पोहत जातो, कोणी म्हणतं मी पहारेकऱ्याला फितवतो. ते जमलं की फसलं ते दहा बाजूंचा फासा ठरवतो. साधे फासे सगळ्यांदेखत पडतात. जिवावरचा फासा मात्र सूत्रधार टाकतो आणि तो माझ्या आडोशाला पडतो. तो काय पडला हे फक्त दोघांना दिसतं. एक त्याला, दुसरं मला.

आमची गोष्ट जपानमधली, सामुराईंच्या काळातली. पण जशी घडली तशी नाही. खऱ्या इतिहासात जपानने परक्या जहाजांना आपली बंदरं जवळजवळ बंद केली आणि दोनशे वर्षांहून जास्त काळ तशीच ठेवली. आमच्या खेळात तो हुकूम निघालाच नाही. त्यामुळे आमच्या बंदरात परकी जहाजं उभी आहेत, गल्लोगल्ली बंदुका विकायला आहेत, आणि तलवार चालवायला आयुष्य घालवलेली माणसं आता आपलं काय होणार म्हणून सैरभैर झालेली आहेत. हे सगळं सूत्रधाराच्या डोक्यातून निघालं. त्याबाबतीत त्याला मानलं पाहिजे. राग आला म्हणून मी खोटं बोलणार नाही, तो त्याचा प्रांत आहे.

मला बनवलं आत्याने. ती सूत्रधाराची सख्खी आत्या, साठी ओलांडलेली, धंद्याने पुस्तकबांधणीवाली. एका अरुंद गल्लीत तिचं एका खोलीचं दुकान आहे. तिथे फाटके शब्दकोश येतात, शाळांची हजेरीपुस्तकं येतात, वकिलांची पानं सुटलेली जाडजूड बाडं येतात, आणि सगळी शिवून, चिकटवून, ताठ मानेने बाहेर पडतात. तिने करड्या पुठ्ठ्याचे तीन तुकडे कापले, कडांना निळं कापड लावलं, आणि घड्यांच्या जागी कापड दुपदरी घेतलं. "घडी रोज उघडली-मिटली तरी फाटायला नको," असं स्वतःशीच म्हणत हाडाच्या पट्टीने मला घोटघोट घोटलं. मग दोन दिवस दाबाखाली ठेवलं. दाबाखालचे दोन दिवस काही सुखाचे नसतात, पण सरळपणा तिथेच अंगात मुरतो. माझ्या अंगात तो मुरला. तो वापरणाऱ्याच्या अंगात मुरला असता तर ही कहाणी सांगायची वेळच आली नसती.

बाहेरच्या बाजूला सूत्रधाराच्या बहिणीने चित्र काढलं. ती कृत्रिम दात बनवणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते, दातावर रंगाची बारीक छटा चढवायचा तिचा हात. वर डोंगरावर किल्ला आणि आभाळ, खाली नदीवरचा लाकडी पूल आणि दोन जहाजं. आतल्या बाजूला, सूत्रधाराला दिसतील असे, नियमांचे तक्ते चिकटवले. खाली डावीकडे एक कापडी खिसा. आणि अगदी तळाशी, तिन्ही पानांवरून जाणारी कोऱ्या कागदाची एक पट्टी.

ती पट्टी कशासाठी ते नीट लक्षात ठेवा, कारण पुढे सगळं तिच्यावरच येऊन ठेपणार आहे. सूत्रधार जमीन मोजणी खात्यात मोजणीदार आहे. त्याच्या कामाची एक शिस्त आहे. दुर्बिणीतून आकडा वाचायचा, तो आधी वहीत लिहायचा, मग तोंडाने सांगायचा. आणि वहीत खोडरबर लावायचा नाही. आकडा चुकला तर त्यावर एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहायचा, म्हणजे चूकही दिसत राहते. पंधरा वर्षांत ही सवय त्याच्या हाडीमाशी खिळली. खेळतानाही फासा पडला की त्याची पेन्सिल आधी खाली टेकायची आणि मगच तोंड उघडायचं. तो माझ्या तक्त्यांवरच लिहायला लागेल हे ओळखून आत्याने त्याच्यासाठी ती पट्टी लावली होती.

पहिल्याच रविवारी बेकरीवाला मान लांब करून माझ्यावरून आत डोकावला. हा बेकरीवाला आमचा चौथा गडी. पहाटेपासून भट्टीपुढे उभा असतो, म्हणून दुपारी खेळता खेळता डुलक्या घेतो, आणि कोणी हलवलं की "मी तलवार उपसतो" म्हणतो, मग समोर शत्रू असो की न्हावी.

"काय पडलं रे आत?" त्याने विचारलं.

"अंहं," आत्या म्हणाली. "पडद्यामागचं त्याच्यावर सोपवलंय. विचारायचं नाही."

"आणि त्याने लबाडी केली तर?"

"माझा भाचा आहे तो."

हा आमच्या टेबलाचा पहिला रिवाज. पडद्यामागचा फासा कोणी विचारायचा नाही. तो आत्याने घातला. पुढे काय झालं ते आठवलं की माझ्या घड्या आजही आवळतात.

आत्याचं पात्र एक सामुराई बाई होती, धनी मेल्यामुळे वाऱ्यावर पडलेली. पहिल्याच लढाईत आत्याचा फासा एकवर पडला आणि तिची तलवार मधोमध मोडली. पुढच्या खेपेला सूत्रधाराने दया येऊन एक लोहार गोष्टीत आणला. "आत्या, हा तुला नवी तलवार देतोय, घे."

आत्या म्हणाली, "नको. अर्धी असली तरी धार आहे ना? मग झालं."

तेव्हापासून त्या बाईचं नाव अर्धी पडलं. अर्ध्या तलवारीने लढायचं तर शत्रूच्या अगदी जवळ जावं लागतं, म्हणून अर्धी सगळ्यांच्या दुप्पट जखमा घ्यायची. आत्या त्या जखमा कागदावर एकाखाली एक लिहून ठेवायची. पाच वर्षांत त्या कागदाच्या कडा मऊ पडल्या, तेव्हा तिने त्याला मागून पातळ कागदाचं अस्तर लावलं. आठवडाभर ती एकटी, दुकानात, तोंडातून शब्द न काढता पुस्तकं शिवायची. रविवारी तीन वाजता ती यायची, खिडकीजवळच्या खुर्चीत बसायची आणि मोकळ्या गळ्याने बोलायची. वारा कुठून येतोय, पुलाच्या फळ्या ओल्या आहेत का, पहारेकरी जेवलाय की उपाशी आहे, असं काय काय विचारायची. एका कानाने कमी ऐकू यायचं, म्हणून दोनदा विचारायची. सूत्रधार दोन्हीदा सांगायचा. तेव्हाचा सूत्रधार वेगळा होता.

मग साहेब आले.

साहेब म्हणजे सूत्रधाराच्या कार्यालयातले वरिष्ठ. जेवणाच्या सुट्टीत या खेळाचा विषय निघाला, आणि "आम्हालाही बोलवा की एकदा," असं ते सहज म्हणाले. त्या रविवारी सूत्रधाराने टेबलावरचा कापडी रुमाल बदलला. साहेब आले ते थेट खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. त्यांना काय ठाऊक ती कोणाची. सांगायचं काम सूत्रधाराचं होतं. तो गप्प. आत्या आली, क्षणभर थांबली, आणि स्टूल ओढून कोपऱ्यात बसली, नेमका तिचा कमी ऐकणारा कान टेबलाकडे येईल अशी. माझ्या रागाचा पहिला थेंब तो.

साहेब वाईट नव्हते. हेच तर जास्त खुपतं. खेळायला त्यांना मनापासून आवडायचं, म्हणून दर रविवारी यायला लागले. ते छोटे सरदार झाले, म्हाताऱ्या सरदाराचा ऐटबाज मुलगा. गोष्ट अशी होती की म्हातारा सरदार मरताना एक पत्र लिहून गेला होता. बंदराची सत्ता थोरल्या लेकीला द्यावी असं त्यात होतं. ते पत्र अर्धीच्या अंगरख्यात शिवलेलं होतं. पत्र नदीपलीकडच्या किल्ल्यात पोचलं तर बंदर थोरलीचं, नाहीतर छोट्या सरदारांचं. म्हणजे आत्या आणि साहेब आमनेसामने. खेळात असं असावंच, त्यात मजा असते. साहेबांनाही ती येत होती. फक्त आत्याचे प्रश्न सुरू झाले की ते घड्याळाकडे बघायचे.

एके दिवशी निघताना, दारात बुटाची नाडी बांधता बांधता ते म्हणाले, "आत्याबाईंमुळे गोष्ट जरा रेंगाळते, नाही?"

मी मिटलेला, सूत्रधाराच्या काखेत. त्याच्या बरगड्या हसताना हललेल्या मला कळल्या. "हो ना साहेब," तो म्हणाला. "बघतो मी काहीतरी."

त्या महिन्यात खात्यात बदल्यांच्या याद्या निघायच्या होत्या. सूत्रधाराला हे शहर सोडायचं नव्हतं, आणि यादीवर सही साहेबांची असणार होती. याहून जास्त मी सांगत नाही. तुमच्याही कार्यालयात अशा याद्या निघत असतील, आणि तेव्हा माणसांचे कणे कसे वाकतात हे तुम्ही पाहिलं असेल. आमचा पुठ्ठा बरा, भिजल्याशिवाय वाकत नाही.

आता तो रविवार.

पूल पेटला होता. अर्धी पुलाच्या मधोमध, मागे छोट्या सरदारांचे बंदूकवाले, पुढे फळ्या कोसळत चाललेल्या. खाली परक्या जहाजाची एक होडी चालली होती. आत्या म्हणाली, "मी होडीत उडी मारते." अर्धीला पाण्याची भीती होती. तिच्या कागदावर तसं लिहिलेलंच होतं. आत्याचे डोळे असे चमकत होते की बेकरीवालासुद्धा जागा झाला.

"सात किंवा वर पडले तर होडीत," सूत्रधार म्हणाला. "खाली पडले तर संपलं. जिवावरचा फासा आहे, आत्या."

"टाक."

त्याने टाकला. फासा माझ्या मधल्या पानाला आपटून थांबला. नऊ. मी पाहिला, त्याने पाहिला. पेन्सिल सवयीने खाली गेली आणि पट्टीवर उतरलं: तारीख. अर्धी, उडी. ९.

मग त्याने मान वर केली. आणि आत्याकडे नाही, साहेबांकडे पाहिलं. साहेब मनगट वळवून घड्याळ बघत होते.

"तीन," सूत्रधार म्हणाला.

मी ओरडलो असतो. पुठ्ठ्याला तोंड नसतं याची मला जन्मात एवढी चीड आली नव्हती. मला आडोसा म्हणून बनवलं होतं, गोष्टीतली उत्सुकता टिकावी म्हणून. त्याने मला लपायची जागा केलं. आणि कोणाला फसवलं, तर जिने मला उभं केलं तिला. माझ्या पाठीमागे लपून त्याने केसाने तिचा गळा कापला.

बहीण त्याच्या अगदी शेजारी बसली होती. पेन्सिल आणि तोंड यांच्यामध्ये तो जो थांबला, ते तिला दिसलं. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग आपल्या कागदाकडे पाहिलं, आणि मूग गिळून बसली. दादा आहे ना तो.

आत्या रिवाजाप्रमाणे उभी राहिली. आमच्यात पात्र मेलं की खेळणाऱ्याने त्याचा कागद शेवटचा मोठ्याने वाचायचा, त्याची चौघडी करायची आणि माझ्या खिशात ठेवायची. मग चालू अध्याय संपेपर्यंत टेबलावर यायचं नाही, मेलेल्याचा शोक म्हणून. बेकरीवाल्याचं पहिलं पात्र मेलं तेव्हा हा शोक तीन रविवार चालला होता आणि तेवढ्यात त्याची झोप भरून निघाली होती.

"अर्धी," आत्याने वाचलं. "वय बेचाळीस. धनी नाही. तलवार मोडकी. जखमा एकवीस. भीती, पाण्याची."

घडीवर तिने नख फिरवलं, पुस्तकबांधणीवाले फिरवतात तसं, आणि कागद माझ्या खिशात सरकवला. "छान चालली होती रे," भाच्याला म्हणाली. "बरं, अध्याय संपला की कळव."

त्या अध्यायाला सहा महिने झाले तरी तो संपला नाही. संपणार कसा, तो संपवणाराच नव्हता. आत्या शनिवारी फोन करायची. फोन माझ्या शेजारीच, फळीवर असायचा, आणि तिला कमी ऐकू येत असल्यामुळे ती मोठ्याने बोलायची, म्हणून मला सगळं ऐकू यायचं.

"संपला का रे अध्याय?"

"जवळ आलाय, आत्या. सांगतो तुला."

"नाही, घाई नाही. मी आपलं एक नवं पात्र लिहून ठेवलंय. होडीवाली."

"वा, छान. ठेव लिहून."

पुढे पुढे तिने पात्राचं सांगणं सोडून दिलं. नुसतंच विचारायची. मग विचारायचंही सोडलं. इकडे छोट्या सरदारांना बंदर मिळालं, जहाजांचा ताफा मिळाला, वाड्यावर सोनेरी कौलं चढली. बदल्यांची यादी निघाली आणि सूत्रधाराचं नाव तिच्यात नव्हतं. गोष्ट आता रेंगाळत नव्हती. इतकी सुसाट चालली होती की तिच्यात कोणाला काही विचारावंसंच वाटत नव्हतं. बेकरीवाला तर उघड घोरायला लागला. आणि मी प्रत्येक रविवारी त्या टेबलावर, खिशात मेलेली अर्धी आणि पायाशी ते नऊ घेऊन, ताठ उभा.

पट्टीवर पुढे पुढे आकडे वाढत गेले, पण त्या नवावर त्याने कधी रेघ मारली नाही. मारणार कशी? रेघ चुकीच्या आकड्यावर मारायची असते. तो आकडा बरोबर होता.

मग माझी घडी फाटली. साहेब उठताना त्यांचं कोपर लागलं, मी टेबलावरून पडलो, आणि उचलताना बेकरीवाल्याचा पाय माझ्या पानावर होता. उजवं पान लोंबायला लागलं. सूत्रधाराने आधी चिकटपट्टी लावली. आत्याच्या दुकानात चिकटपट्टीचं नाव काढायची सोय नाही. एकदा एका वकिलाने चिकटपट्टी लावलेलं बाड आणलं, तर तिने त्याला उभ्याउभ्या झापलं होतं. दोन रविवारांत चिकटपट्टी सुटली, आणि सूत्रधार काय म्हणाला माहितीये?

"आत्याकडे टाकतो. ती करून देईल."

इतकी निलाजरी सवय. जिला टेबलावरून उठवलं, तिच्याकडेच मला दुरुस्तीला. पट्टीवर काय लिहिलंय हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. रोज शेकडो आकडे लिहून विसरणारा माणूस तो. एकदा लिहिलं की त्याच्या लेखी ते काम संपतं. सोमवारी सकाळी कामावर जाता जाता त्याने मला दुकानाच्या काउंटरवर ठेवलं आणि गाडी बंद न करताच निघून गेला.

आत्याने मला उघडलं. चिकटपट्टीचा डिंक बघून कपाळाला आठी घातली. कोमट पाण्याचा बोळा फिरवून तो सोडवला, फाटलं कापड सुरीच्या टोकाने उचललं. मग आतली बाजू दिव्याखाली घेतली, पट्टी बदलायला झाली आहे का ते बघायला. चष्मा कपाळावर होता, तो नाकावर आला. तिचं बोट एकेका आकड्यावरून सरकत होतं, उगाचच, आपण नसताना काय काय घडलं ते वाचत. मग ते मागे गेलं. आणखी मागे.

थांबलं.

तिने तारीख वाचली. खिशातून अर्धीचा कागद काढला. त्यावर तिने स्वतः लिहिलेली मरणाची तारीख होती. दोन्ही शेजारी ठेवल्या. पुन्हा वाचलं. समोर चहा होता, त्यावर साय धरली तरी ती तशीच बसून होती. एक गिऱ्हाईक येऊन "शब्दकोश झाला का?" विचारून गेलं, तिने नुसती मान हलवली.

"अस्सं," शेवटी ती म्हणाली.

रडली नाही. मला वाटलं होतं रडेल, आणि ती रडली असती तर माझा राग कदाचित ओला होऊन मऊ पडला असता. पण तिच्या जबड्याचं हाड पुढे आलं, आणि मला पहिल्यांदा वाटलं की या खोलीत चिडलेलं मी एकटाच नाही. तिने कागद परत खिशात सरकवला आणि पोलादी पट्टी घेतली. माझ्या तिन्ही पानांच्या मध्यावर आडवी ठेवली. लांब सुरीला धार लावली.

दुखलं. खोटं कशाला बोलू? वरचा किल्ला गेला, आभाळ गेलं, नियमांचे तक्ते गेले. खाली राहिला पूल, नदी आणि जहाजांचं बूड. खिसा राहिला. पट्टी राहिली. तिने माझ्या नव्या कडेला निळं कापड लावलं, फाटकी घडी दुपदरी शिवली, हाडाच्या पट्टीने घोटली आणि दोन दिवस दाबाखाली ठेवलं. पुन्हा तेच दोन दिवस. या खेपेला मी कुरकुरलो नाही.

रविवारी तीन वाजता ती स्वतः मला घेऊन आली. शोकाचा रिवाज मोडून, न बोलावता. सगळे बसले होते. तिने मला सूत्रधारापुढे उघडून उभं केलं. माझी उंची आता एवढी की टेबलाभोवतीच्या कोणालाही त्याचे हात सहज दिसावेत.

सूत्रधाराने माझ्याकडे पाहिलं. "आत्या, हा अर्धाच राहिला."

"अर्धा असला तरी उभा राहतो ना? मग झालं."

"अगं, पण फासे दिसतील सगळ्यांना."

"हो," आत्या म्हणाली. मग वाकून पट्टीवरच्या एका जागी बोट ठेवलं. "हे काय लिहिलंयस ते वाच जरा. मला हल्ली बारीक दिसत नाही."

त्याने पाहिलं. त्याचा चेहरा कसा झाला ते वर्णन करायची मला हौस नाही. खोटं कशाला बोलू, आहे. ओल्या पुठ्ठ्यासारखा झाला. पोपडे सुटायचेच बाकी होते.

"वाच ना, दादा," बहीण म्हणाली. "मला तेव्हाच वाटलं होतं."

वाटलं होतं तर तेव्हाच बोलायचं होतंस, बाई. सहा महिने कुठे होतीस? पण ते मी म्हणालो, मनात.

"नऊ," सूत्रधार म्हणाला.

बेकरीवाला जागा झाला. "नऊ? तू तर तीन म्हणाला होतास."

"आत्या, साहेबांना जरा... म्हणजे गोष्ट रेंगाळत होती, म्हणून मी..."

"मला?" साहेब खुर्चीत सरळ झाले. "माझं नाव कशाला घेता? बाईंना मारा म्हणून मी कधी म्हणालो?"

"तुम्ही दारात म्हणाला होतात, साहेब. घड्याळ पण बघत होतात."

"अहो, मला साडेसहाची गोळी असते. ती चुकू नये म्हणून बघतो." साहेब खरोखरच दुखावले होते. "आणि रेंगाळते म्हणालो ते सहज. घरी गेल्यावर बायकोला मीच सांगायचो, त्या आत्याबाई फळ्या ओल्या आहेत का विचारतात तेव्हा पूल डोळ्यांसमोर उभा राहतो म्हणून. त्या गेल्यापासून मला बंदर मिळालं खरं, पण मजा गेली. मला वाटलं त्याच कंटाळून येत नसतील."

ऐकलंत? कोणी मागितलंच नव्हतं. कोणी धमकी दिली नव्हती, कोणी सुचवलं नव्हतं. एक माणूस बूट बांधता बांधता काहीतरी बोलला आणि दुसऱ्याने तेवढ्यावर स्वतःच्या आत्याला सहा महिने घराबाहेर ठेवलं. जुलमाने केलं असतं तर मी समजू शकलो असतो. हे आपखुशीने केलेलं शेपूट हलवणं होतं, आणि तेही न बोलावता.

साहेब उठले, आपले फासे गोळा केले. मला वाटलं, निघाले. पण ते कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसले. "ही खुर्ची तुमची होती का हो?" त्यांनी विचारलं. आत्याने मान डोलावली आणि खिडकीजवळ बसली.

"आत्या," सूत्रधार खाली बघत म्हणाला, "आपण असं करू. अर्धी कशीतरी वाचली होती असं मी गोष्टीत आणतो. कोणा कोळ्याने तिला बाहेर काढलं, असं काहीतरी. तुला परत आणतो."

"तू कोण आणणार?" आत्या म्हणाली. आवाज चढला नव्हता. "ती पाण्यात पडलीच नाही."

"मग तोच फासा पुन्हा टाकतो. सगळ्यांसमोर."

"पडलेला फासा पुन्हा कशाला टाकायचा?"

तिने माझ्या खिशात बोटं घातली, चौघडी केलेला कागद काढला, उलगडला आणि टेबलावर तळहाताने सपाट केला. मरणाच्या तारखेवर पेन्सिलीने एक रेघ मारली. एकच, चूकही दिसत राहील अशी.

"नऊ पडले होते," ती म्हणाली. "तिथून पुढे सांग."

सोनेरी कौलं, जहाजांचा ताफा, सहा महिन्यांच्या सुसाट गोष्टी, सगळं त्या एका वाक्यात पुसलं गेलं. सूत्रधाराने पेन्सिल उचलली. काय लिहायचं ते त्याला सुचेना, कारण लिहायचं ते सहा महिन्यांपूर्वीच लिहून झालेलं होतं. मग पेन्सिल खाली ठेवून तो म्हणाला, "अर्धी... होडीत पडते. गुडघा फुटतो. पत्र कोरडं आहे."

"वारा कुठून आहे?" आत्याने विचारलं.

"समुद्राकडून."

"काय?"

"समुद्राकडून, आत्या," तो मोठ्याने म्हणाला.

तर असा मी. वीतभरही उरलो नाही. माझ्या डोक्यावरचा किल्ला दुकानातल्या कात्रणांच्या पेटीत पडलाय. सूत्रधाराने अजून माफी मागितलेली नाही. दर रविवारी मागीन म्हणतो आणि आत्याला चहा पुढे करून वेळ मारून नेतो, म्हणून माझा राग अजून उतरलेला नाही, आणि आत्याचाही उतरला असेल असं समजू नका. ती येते ती गोष्टीसाठी. खिसा सध्या रिकामा आहे.

परवा सूत्रधार बहिणीला म्हणत होता, बाजारात तयार पडदे मिळतात, उंच, चकचकीत, घेऊ का एखादा. तुमच्यापैकी कोणाची त्याच्याशी ओळख असेल तर एवढंच सांगा. घ्यायचा तर घे, पण मला उंचीचा जोड लावायला आत्याकडे टाकू नकोस. सुरी तिच्या टेबलावरच असते, आणि पट्टीवर अजून बरीच जागा आहे.